आतोबांचा कडू डबा

साहेबाची भाषा वाचणारे, लिहिणारे आणि फाडफाड बोलून समोरच्याला गार करणारे लोक आमच्या रत्नागिरीत पायलीचे पन्नास मिळतील. पण ती भाषा जिभेवर ठेवून, चावून, गिळून मगच तिच्याबद्दल मत देणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचा नवरा. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. कचेरीत ते भाषांतरकार होते. मराठीत झालेल्या जबान्या, अर्ज, करारमदार साहेबाला समजावेत म्हणून इंग्रजीत करायचे आणि खाली ‘खरे भाषांतर’ असं लिहून सही ठोकायची, हे त्यांचं काम. मी त्याच खोलीत नक्कलकार. त्यांनी लिहिलेलं मी सुवाच्य अक्षरात उतरवायचं. आठ वर्षं मी त्यांच्या शेजारच्या मेजावर बसलो आणि आठ वर्षांत त्यांच्या कागदावर एकही खाडाखोड पाहिली नाही. ह्याचा अभिमान त्यांना होताच, आणि खोटं कशाला बोलू, मलाही होता.

कचेरी सुटली तरी आतोबांची कचेरी सुटत नसे. घरात कुणीही काहीही बोललं की त्यांच्या दृष्टीनं ती जबानी. दारात फणस विकायला आलेल्या बाईला ते ओट्यावर उभी करून विचारत, “शपथेवर सांग, कापा की बरका?” ती बिचारी गोंधळून म्हणे, “बामणानू, कापा असंल तर कापाच म्हनतलंय मी.” मग तिचं ते वाक्य तिलाच परत म्हणून दाखवायचं, “वाचून दाखवलं, बरोबर आहे?” असं विचारायचं आणि तिनं मान डोलावली की मगच फणस घरात. आत्या आतून ओरडे, “अहो, फणस घ्यायचाय, खटला नाही चालवायचा!” पण एक मात्र होतं. खोटी साक्ष त्यांना लगेच कळे. “खोटं बोलणारा आधी घसा साफ करतो,” ते म्हणत. “खऱ्याला घसा लागत नाही.” त्यामुळे त्यांच्या घरी जाताना मला पडसं झालेलं असलं तर मी आधीच तसं जाहीर करून टाकत असे.

आता त्या वाक्याबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. मिठाच्या चळवळीचे दिवस होते. गावोगाव भाषणं होत, पोलिसांचा हवालदार गर्दीत बसून टिपणं घेई, आणि ती टिपणं आमच्या खोलीत भाषांतराला येत. त्यांवर नाव नसे. ‘वक्ता क्रमांक अमुक’ एवढंच. राजापुरात नदीकाठी झालेल्या एका सभेचं टिपण असंच आलं. त्यात तिसऱ्या वक्त्याच्या तोंडी एक वाक्य होतं: “ह्या सरकारशी आता आमचं कडू झालं.” साधं घरगुती वाक्य. दोन जावा बोलेनाशा झाल्या की शेजारीण म्हणेल, तसं. आतोबा टाक तोंडात धरून बराच वेळ बसले. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी लिहिलं: ‘वी आर नाऊ द बिटर एनिमीज ऑफ धिस गव्हर्नमेंट.’ म्हणजे आम्ही आता ह्या सरकारचे कडवे दुश्मन आहोत. मुळात दुश्मन कुठेच नव्हता. पण ‘बिटर’च्या मागोमाग ‘एनिमी’ आला की साहेबाच्या कानाला बरं वाटतं, वाक्याला वजन येतं, आणि आतोबांना वजनदार इंग्रजीचा भारी सोस. मी त्याची स्वच्छ नक्कल केली. मलाही ते वाक्य फार आवडलं होतं, हे आज लाजेनं लिहितो.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. झोपाळ्यावर बसून त्यांनी ते इंग्रजी वाक्य आत्याला तीनदा म्हणून दाखवलं. आत्या भाजीसाठी कुड्याच्या शेंगा मोडत बसली होती. तिला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

“पण मूळ कुणाच्या तोंडचं हो हे?” तिनं विचारलं.

“असेल कोणी उडाणटप्पू. पण मराठी अगदी ठेवणीतलं आहे हो! ‘कडू झालं’! शाळेत शिकून येत नाही असं बोलणं. घरचं वळण चांगलं असणार.”

वळण चांगलंच होतं. ते ह्याच घरचं होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा वसंता राजापुरास मास्तर होता. नोकरी सोडून तो चळवळीत शिरल्याचं त्यानं घरी कळवलंच नव्हतं. त्याला पकडल्याची बातमी आली ती खटल्याच्या दोन दिवस आधी. आत्या रडली. आतोबा म्हणाले, “रडतेस काय अशी? सहा महिने होतील. सगळ्यांना तेवढेच देतायत. येईल बाहेर.” त्या कागदाचा आणि वसंताचा काही संबंध असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही.

खटल्याच्या दिवशी आम्ही दोघं भिंतीशी उभे होतो. सरकारी वकिलानं ते वाक्य वाचलं आणि बोट दाखवलं ते वसंताकडे. मॅजिस्ट्रेटसाहेबानं मान वर केली, ‘बिटर एनिमीज’ हे दोन शब्द पुन्हा म्हणायला लावले आणि तांबड्या पेन्सिलीनं खाली रेघ ओढली. वसंता इंग्रजी बापाकडूनच शिकला होता. कुणाच्या हातचं वाक्य हे त्यानं पहिल्या फटक्यात ओळखलं. त्यानं गर्दीत आतोबांना शोधून काढलं आणि थोडासा हसला. सभेतल्या बाकीच्या दोघा वक्त्यांना सहा-सहा महिने झाले. वसंताला दोन वर्षं सक्तमजुरी, आणि निकालात साहेबानं कारण दिलं ते नेमकं त्याच दोन शब्दांचं. आतोबा घरी आले, पगडी खुंटीला लावली आणि आत्याला म्हणाले, “दोन वर्षं. त्यातलं दीड वर्ष माझं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. भाषांतर चुकलं आहे, असा स्वतःविरुद्ध अर्जही केला. तो परत आला. खाली सही तुमचीच आहे, ‘खरे भाषांतर’ असं तुम्हीच लिहिलं आहे, आता काय म्हणता, असा शेरा होता.

मग सुरू झाला तो डबा. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन आतोबांनी पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या कातरल्या. इंग्रजीत ‘बिटर’ जिथे जिथे लागतो तो एकेक शब्द एकेका चिठ्ठीवर. खाली चव. त्याच्या खाली साक्षीदाराची सही. “साहेबाचा कडूपणा एका जातीचा नाही रे,” ते मला म्हणाले. “त्यात कुठेतरी सहा महिन्यांचा कडू असणार. मी उचलला दोन वर्षांचा.” तो सहा महिन्यांचा शब्द शोधून काढायचा, आणि वसंता सुटून आला की त्याच्यापुढे ठेवून म्हणायचं, हा घालायला हवा होता, माझं चुकलं. एवढ्या एका गोष्टीसाठी हा माणूस दोन वर्षं जगला. गावाला हे ठाऊक नव्हतं. गावानं त्यांना खुळ्यात काढलं.

आणि गावाला तरी काय बोल लावू? प्रकारच तसे. ‘बिटर पिल’ म्हणजे मुकाट्यानं गिळावी लागणारी कडू गोष्ट. तिची चव पाहायला आतोबांनी दवाखान्यातून क्विनाइनच्या गोळ्या आणून चक्क सुपारीसारख्या चघळल्या. दोन दिवस जिभेला काही कळेना. आमटीत तीनदा मीठ पडलं आणि ती म्हशीला घालावी लागली. ‘बिटर कोल्ड’ म्हणजे कडाक्याची थंडी. आता रत्नागिरीत थंडी आणायची कुठून? तर मुंबईच्या आगबोटीनं साहेबाच्या बंगल्यावर भुशात घातलेला बर्फ येई, त्यात शिपायाच्या हातापाया पडून त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि तो काळानिळा होईपर्यंत काढला नाही. चिठ्ठीवर लिहिलं: ‘कडू नव्हे. झोंबणारी.’ साक्षीदार म्हणून शिपायाची सही. ‘बिटर्स’ म्हणजे साहेब दारूत चार थेंब टाकतो ते औषध. ते तोंडात घेण्याचा तर प्रश्नच नव्हता. पण आतोबांनी बंगल्यावरच्या खानसाम्याला गाठून ते थेंब चिठ्ठीवरच पाडून घेतले, लांबून वास घेतला, त्याचा अंगठा उठवला आणि घरी येऊन विहिरीवर सचैल स्नान केलं. आत्या मला म्हणाली, “ह्यांचं डोकं फिरलंय म्हणतात सगळे. फिरू दे बापडं. नुसतं एका जागी बसलं असतं तर मी काय केलं असतं?”

तिचीही एक सही आहे त्या डब्यात. ‘टू द बिटर एंड’ ही चिठ्ठी घेऊन आतोबा चुलीपाशी गेले. आत्यानं विचारलं, काय म्हणायचं ह्याला? ते म्हणाले, “काही झालं, कितीही सोसावं लागलं, तरी शेवटपर्यंत न सोडणं.” “आणा इकडे,” आत्या म्हणाली, “ह्याला साक्षीदार मी नाही तर कोण? तुमच्याशी लग्न केलंय.” आणि पिठाच्या हातानं तिनं सही केली. ‘बिटर टिअर्स’ म्हणजे कडू आसवं. त्या चिठ्ठीवर आहे: ‘खारट. कडू नव्हेत. दोनदा पडताळले.’ आणि साक्षीदाराच्या जागी: ‘स्वतः.’ तेव्हा मी ती वाचून हसलो होतो. माझ्यासारखा गाढव मीच.

अडली ती एकच चिठ्ठी, ‘बिटर एनिमी’ची. कडवा दुश्मन कसा लागतो हे सांगायला आतोबांना दुश्मन मिळेना. आयुष्यभर कुणाशी वाकडं नाही. शेवटी त्यांनी राजिवड्याच्या नाखव्यांना धरलं. हे त्यांचे चाळीस वर्षांचे दोस्त, स्वतःचं गलबत असलेले, आतोबांना तात्या म्हणणारे. दोघं रोज संध्याकाळी मांडवीच्या बंदरावर बसत. आतोबा म्हणाले, “नाखवे, आठ दिवस आपण दुश्मनी करायची. अगदी कडवी. मग तुम्ही सही द्या.” नाखव्यांनी कानाला हात लावले. “तोबा, तोबा! तात्या, माझं वय काय, तुमचं वय काय!” पण दोस्ताची हौस म्हणून कबूल झाले. पहिल्या दिवशी दोघं बंदरावर पाठीला पाठ लावून बसले. दुसऱ्या दिवशी नाखव्यांच्या घरी ताप आल्याचं कळलं, तर ह्या दुश्मनानं गुपचूप माझ्या हातून काडेचिराइताचा काढा पाठवला. तिसऱ्या दिवशी नाखवे भला मोठा फणस घेऊन अंगणात हजर. “तात्या, दुश्मनी उद्यापासून करू या. आज हा पिकलाय, उद्या फुकट जाईल.” आतोबा हसले नाहीत. फणस बाजूला ठेवून ते तिथेच पायरीवर बसले आणि म्हणाले, “नाखवे, दुश्मन म्हणजे काय ते मला ठाऊकसुद्धा नाही हो. आणि तो मी माझ्या पोराच्या तोंडात घातला.” नाखव्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या चिठ्ठीवर सही झाली नाही.

दोन वर्षांनी वसंता सुटला. घाटावरून मोटारीनं आला. मी उतरवून घ्यायला गेलो होतो. वळकटी उचलायला म्हणून हात पुढे केला तर तोच माझ्या हातावर कलंडला. छाती पार गेली होती. डॉक्टर बाहेर येऊन नुसती छत्री शोधत राहिले, तेव्हा आम्हाला कळलं. पडवीत त्याची खाट टाकली. आतोबा त्याचं सगळं करायचे; पाणी तापवायचे, पेज भरवायचे, रात्री पायाशी बसायचे. पण त्या वाक्याबद्दल एक अक्षर त्यांच्या तोंडून निघेना. सहा महिन्यांचा शब्द काही सापडला नव्हता. डबा फडताळावर पडून होता आणि आतोबा त्याच्याकडे पाहायचेही नाहीत. मला त्यांचा राग येई. अरे, बोला की एकदाचं, पोरगा चाललाय! पण तोंड उघडून मीही ते म्हणालो नाही.

पाडवा आला. आत्यानं कडुलिंबाची पानं, गूळ, हिंग, ओवा घालून वाटलं. प्रथेप्रमाणे आतोबांनी सगळ्यांच्या हातावर चिमूट चिमूट ठेवली. वसंतानं तोंडात टाकलं आणि म्हणाला, “मला चवच लागत नाही काही.” मग म्हणाला, “बाबा, आई सांगत होती, तुमचा काही डबा आहे म्हणे. आणा बघू.”

आतोबांनी तो आणला आणि खाटेवर ठेवून अपराध्यासारखे खांबाशी जाऊन उभे राहिले. वसंता एकेक चिठ्ठी वाचत गेला. क्विनाइनला हसला. बर्फाला इतका हसला की खोकल्याची उबळ आली आणि आत्यानं पाठ चोळली. खानसाम्याच्या अंगठ्याची चिठ्ठी त्यानं नाकाशी नेली. ‘बिटर टिअर्स’ची चिठ्ठी मात्र त्यानं दोनदा वाचली आणि उलटी करून बाजूला ठेवली. मग शेवटची निघाली.

“इथे साक्षीदार नाही, बाबा.”

“मिळाला नाही रे,” आतोबा म्हणाले.

वसंतानं माझ्याकडे हात करून टाक मागितला. त्यानं घसा साफ केला. खोकला होता त्याला, दिवसभर तो घसा साफ करतच असे. म्हणाला, “मी आहे की. त्या हवालदाराला भरभर उतरवता येत नव्हतं, त्यानं अर्धंच लिहिलं. मी तिथे ‘कडवे दुश्मन’ असंच म्हटलं होतं. तुम्ही लिहिलंत ते बरोबर होतं.”

मी खाली मान घातली. मधल्या काळात मी राजापुरास गेलो होतो, त्या सभेला बसलेल्या चार जणांना विचारलं होतं, आणि चौघांनीही मला तेच वाक्य सांगितलं होतं: ‘ह्या सरकारशी आता आमचं कडू झालं.’ ते सांगताना हसले होते, इतकं त्यांना ते घरचं वाटलं होतं.

“शपथेवर?” आतोबांनी विचारलं.

“शपथेवर.”

आतोबा जवळ आले. त्यांनी चिठ्ठीवर ती जबानी लिहून घेतली. एकही खाडाखोड झाली नाही. मग मोठ्यानं वाचली. “वाचून दाखवलं,” ते म्हणाले.

“बरोबर आहे,” वसंता म्हणाला, आणि त्यानं सही केली. आतोबांनी ती टिपकागदानं टिपली आणि त्याच हातानं त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. लहानपणी ते त्याला शाळेत पाठवताना सारायचे तसे. आत्या पदर डोळ्यांना लावून आत गेली.

आषाढात वसंता गेला. त्यानंतर आतोबांनी एकही चिठ्ठी कातरली नाही. फणसवालीला शपथ घालणं बंद झालं. ती म्हणेल तो फणस घेत. संध्याकाळी नाखव्यांच्या शेजारी बंदरावर बसत आणि गलबतं मोजत. मी कधी गेलो तर मला सांगत, “पोरगा माझ्यापेक्षा बरं इंग्रजी शिकला असता रे.” चार वर्षांनी तेही गेले. त्यांच्या दोस्तीची साक्ष नाखव्यांनी स्मशानात सगळ्यांत लांब उभं राहून रडून दिली.

डबा आत्यानं माझ्याकडे दिला. मी तो बरीच वर्षं उघडला नाही. एकदा पाडव्याला उघडला, तर त्या शेवटच्या चिठ्ठीच्या पाठीमागे पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं. अक्षर आतोबांचं, तारीख त्याच पाडव्याची: ‘साक्ष खोटी आहे. दाखल करून घेतली.’

माझी सगळी हयात दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला करण्यात गेली. ह्या ओळीची नक्कल मी आत्यालासुद्धा दिली नव्हती. आता तीही नाही, म्हणून आज देतो आहे.